न लंगडता

मुलीला आइस स्केटिंगला सोडताना रिंकच्या दाराशी ओल्या हातमोज्यांचा आंबूस वास येतो आणि बिशान भागातल्या माझ्या क्लिनिकमधला तो खेळाडू आठवतो. देशोदेशी एकेका मोसमाच्या करारावर आइस हॉकी खेळलेला, चाळिशीला टेकलेला. नव्या क्लबला फिटनेसचं पत्र हवं होतं आणि फिजिओ म्हणून सही माझी लागणार होती. त्याने आपणहून उजवी पँट दुमडली. गुडघा ठणठणीत होता. "आता डावा," मी म्हटलं. तो हसला. "बाकीचे एवढ्यावरच सही करतात, मॅडम." डावा गुडघा सुजून टम्म झाला होता. "आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझी सही खोट्यावर पडणार नाही." "तुमचं शिक्षण तुमच्याकडून कुणी काढून घेणार नाही," तो हळू म्हणाला, "माझं सगळं या गुडघ्यात आहे. एकच मोसम द्या." मी पेनाला टोपण लावलं. तो उठला आणि केवळ मला दाखवायला दारापर्यंत जराही न लंगडता गेला. काचेपलीकडे मात्र भिंतीला धरून वाकलेला दिसला. सही नाकारली ते बरोबरच होतं, आजही नाकारेन. पण तेव्हा उठून त्याला आत बोलवायला हवं होतं, गुडघ्याला बर्फ तरी लावायला हवा होता.