धोंडूकाका आणि साखळीची करवत

लाकडाच्या वखारीत दोन गोष्टींचे ढीग कधी वाढतात ते कळत नाही. एक भुशाचा, दुसरा किश्श्यांचा. भुसा निदान हॉटेलवाले शेगडीसाठी घेऊन जातात. किस्से मात्र आपल्याकडेच पडून राहतात! माझ्याकडचे बहुतेक किस्से धोंडूकाकांचे. माझी दहाही बोटं आज शाबूत आहेत ती त्यांच्यामुळे, म्हणून बोलायला बसलो की त्यांचंच नाव आधी तोंडात येतं.

साठ सालानंतरची गोष्ट. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. माणगावला एका कच्छी शेठची वखार होती. शेठने मुंबईहून साखळीची करवत आणली. पेट्रोलवर चालणारी, पुढे लांब पट्टी आणि तिच्याभोवती गरगर फिरणारी दात्यांची साखळी. धोंडूकाका वखारीतले सगळ्यांत जुने कापणारे. तीस वर्षं त्यांनी हातकरवत ओढली होती. मी भाताच्या गिरणीत इंजिन सांभाळत होतो, त्यात मॅट्रिक, म्हणून शेठने मला बोलावून घेतलं. मशीन चालवायचं काकांनी, त्याच्याबरोबरचं इंग्रजी पुस्तक वाचायचं मी!

*

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना होती : सैल कपडे घालू नका.

मी म्हटलं, "काका, धोतर चालणार नाही. साखळीत अडकलं तर माणूसच ओढला जाईल."

काका धोतराचा सोगा झटकून घरी चालते झाले. मला वाटलं, मशीन गेलं परत मुंबईला! पण दुसऱ्या दिवशी ते गिरणीत काम करणाऱ्या जावयाची खाकी पँट घालून हजर.

संध्याकाळी ते तसेच घरी गेले. घराची पडवी बुटकी. काकू आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांना दारातून फक्त पँटीतले दोन पाय दिसले. साहेब कोणी आलाय समजून त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि आतूनच म्हणाल्या, "मालक घरात न्हायत. उद्या या!"

*

महिनाभराने मशीन कापेचना. जोर लावावा तेवढा धूर, आणि खाली पडतोय नुसता बारीक भुसा. शेठने मुंबईला निरोप धाडला : मशीन बिघडलं, मेकॅनिक पाठवा.

काकांनी तो भुसा चिमटीत धरून चोळला. "हे पीठ हाय," ते म्हणाले. "करवतीनं पीठ न्हाय पाडायचं, चिवडा पाडायचा."

पुस्तकात दात्यांना धार लावायच्या गोल कानशीचं चित्र होतं. ते बघून काका ओट्यावर बसले. प्रत्येक दात्याला मोजून कानशीचे सारखेच हात, एकाला कमी नाही, एकाला जास्त नाही. मग साखळी ताणून बघितली. पट्टीला लोंबत नाही आणि हाताने ओढली तर सरकते, एवढाच ताण ठेवला. तेल भरलं, आणि शेठच्या जुन्या दाढीच्या ब्रशने आतला चिकटलेला भुसा काढला. मशीन लोण्यातून जावं तसं सागातून गेलं.

चार दिवसांनी मुंबईचा मेकॅनिक आला. मशीन चालू करून बघितलं, दाते बघितले, आणि वैतागून म्हणाला, "मग मला बोलावलं कशाला?"

काकांनी खालचा जाडसर कीस मूठभर उचलून त्याच्यापुढे धरला. "चिवड्याला!"

*

पेट्रोल संपलं की मशीन बंद करून काका बाजूला ठेवायचे आणि पान लावायला बसायचे. पान चघळून संपेपर्यंत टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. तापल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं तर भडका उडतो, हे पुस्तकातलं मीच वाचून दाखवलेलं. वेळेचं माप मात्र त्यांचं.

एकदा दिघीच्या बंदरावर माल पोचवायचा होता. ट्रक उभा. शेठ येरझाऱ्या घालतायत.

"धोंडू, अरे ओत ना भाई! किती वेळ?"

काका म्हणाले, "घाई आसंल तर तुमी वता शेठ. फकस्त मी तळ्यापरेंत जाऊन हुबा र्‍हातो."

तळे गाव तिथून कित्येक मैल लांब. शेठने तळ्याच्या रस्त्याकडे बघितलं. मग टाकीकडे बघितलं. मग काकांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "एक पान मलापण लाव!"

*

एका निवृत्त गुरुजींच्या घरामागचा वाळका फणस पाडायचा होता. काकांची पद्धत अशी, की झाडाला करवत लावायच्या आधी मागच्या दोन्ही बाजूंना तिरप्या वाटा साफ करायच्या. झाड हललं की माणसाने त्या वाटेने लांब व्हायचं. आम्ही झुडपं तोडत बसलो.

गुरुजी म्हणाले, "अहो, झाडाचा कल पूर्वेला आहे. ते पूर्वेलाच पडणार. मागे पळायला वाटा कशाला हव्यात?"

काका नम्रपणे म्हणाले, "तुमचं खरं हाय गुरुजी. पन झाड शाळेत गेलेलं न्हाय!"

फणस पडताना बुंध्यावर फिरला आणि दक्षिणेला आला. गुरुजी आमच्याआधी वाटेने लांब पोचले होते!

*

आता माझी फजिती. वर्षभराने काका मला कापायला देऊ लागले. त्यांनी दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. पट्टीच्या टोकाने कापायचं नाही, आणि पट्टीच्या सरळ रेषेत डोकं ठेवायचं नाही. एका दुपारी ओंडका कापताना पट्टीचं टोक पलीकडच्या ओंडक्याला लागलं. मशीनने अशी उसळी मारली की साखळी माझ्या डाव्या कानाजवळून सूं करत गेली. बाजूला उभा होतो म्हणून वाचलो.

काकांनी येऊन मशीन बंद केलं. आता शिव्या बसणार असं वाटलं. त्यांनी मला खाली बसवलं, तांब्या पुढे केला आणि विचारलं, "घाबरलास?"

"हो, काका."

"बरं झालं. आता तुला शिकवता यील."

ती भीती मी जन्मभर जपली. तिचे उपकार फेडता येणार नाहीत.

*

आणि ही तळ्याच्या रस्त्यावरची. वळवाच्या वाऱ्याने भलं मोठं आंब्याचं झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं. पलीकडे एक बैलगाडी अडकलेली. गाडीत बाळंतपणाला अडलेली बाई. तिला माणगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिचा दीर धावत वखारीत आला. आम्ही मशीन घेऊन ट्रकने पोचलो.

काका आधी झाडाभोवती फिरले. कुठली फांदी ताणलेली आहे, कुठे दाबलेली, ते बघितलं. मग पाचरी ठोकून कापायला लागले. निम्मं झालं आणि बुंध्याखालच्या दगडाला साखळी घासली. दाते बोथट. चिवड्याऐवजी पीठ पडायला लागलं.

काकांनी मशीन बंद केलं, रस्त्यावर मांडी घातली आणि कानस काढली.

बाईचा नवरा रडकुंडीला आला. "काका, आता काय बसताय? माझी बायको जाईल हो!"

काकांनी मान वर केली नाही. "म्हनूनच बसलोय," ते म्हणाले.

खर्र, खर्र. एकेक दाता. गाडीतून कण्हणं ऐकू येत होतं, आणि इकडे ती कानस. शेवटचा दाता झाला, काका उठले, आणि थोड्याच वेळात बुंधा सुटला. आम्ही सगळ्यांनी मिळून तो बाजूला लोटला. गाडी गेली.

पावसाळा सरल्यावर ती बाई नवऱ्याबरोबर वखारीत आली. कडेवर मुलगा. काका मशीन उघडून बसले होते, हात कोपरापर्यंत काळे.

ती म्हणाली, "त्या दिवसाचं मला काय सुदिक आठवत न्हाय. कानशीचा आवाज तेवढा आठवतो. तो थांबंपरेंत कळ काढायची, असं मनाशी धरलेलं."

आणि तिने मुलाला काकांच्या पुढे धरलं.

काका घाईघाईने मागे सरकले. "नको, नको! हात तेलाचे हायत माझे."

बाईने पोराला त्यांच्या मांडीवर ठेवूनच दिलं. म्हणाली, "आसू द्या. रोज तेल लावतेच मी त्याला!"