आमची पंगत त्याच्या नावावर

आमचे वडील तासगावच्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत त्यांचे ओठ फुटायचे, मग जेवताना आमटी झोंबायची. वऱ्हाड जेवून उठलं की मागं पाण्याच्या टाकीपाशी बँडवाल्यांची पंगत बसायची. लहानपणी मीही तिथं बसलोय. तोवर बुंदी संपलेली असायची. आई बेदाण्याच्या शेडवर मजुरीनं बेदाण्यातल्या काड्या निवडायची. मी सांगलीला कॉलेज केलं ते या दोघांच्या जिवावर.

नव्वदच्या दशकात आमच्याच भागातला एकजण पॉपस्टार झाला. कॅसेटी खपल्या, टीव्हीवर गिटार घेऊन नाचायला लागला. गावानं सत्कार ठरवला. स्मरणिकेत त्याचं चरित्र हवं होतं आणि मी नुकताच बी.ए. झालो होतो, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

त्याच्या बंगल्यावर गेलो. द्राक्षबागायतदाराचं घर. चहा पिता पिता त्यानं माझीच चौकशी केली. मी मूर्खासारखा सगळं सांगून बसलो. फुटलेले ओठ, पाण्याची टाकी, संपलेली बुंदी. त्यानं मांडीवर थाप मारली.

"गड्या, हेच टाक की! माझ्या नावावर."

"आवं, तुमच्या वडलांची बाग हाय. पहिली गिटार त्यांनीच पुण्यासनं आणली."

"लोकास्नी बाग नको रं, उपास पायजे. तुझं काय जातंय?"

हे बोलताना तो काजू चघळत होता आणि तेलकट बोटं सोफ्याला पुसत होता. गळा चांगला होता त्याचा, नाकारत नाही. पण आजही त्याचं गाणं लागलं की मला शिसारी येते.

घरी वडलांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, मे महिन्यात दोन वराती वाजव, मग घे माझी पंगत." हसले मात्र नाहीत.

मी बाग लिहिली, गिटार लिहिली, गळा लिहिला. त्यानं ते वाचून सत्कार समितीच्या चिटणीसांकडं निरोप धाडला, बदलायला सांगा. चिटणीस माझ्यावरच चिडले.

"एवढ्या मोठ्या माणसाला नडतोस व्हय रं? दोन ओळी तर हायत!"

"त्या दोन ओळीत माझा बाप हाय. दुसऱ्याकडनं लिहून घ्या."

छापखान्याचा माणूस मजकुरासाठी चिटणीसांच्या दारात येऊन बसला होता आणि गावात दुसरा लिहिणारा नव्हता.

चरित्र मी लिहिलं तसंच छापलं गेलं. दीड पान. खाली माझं नाव, आणि नावापुढं बी.ए.