तुपाची शाई

चिंतामणपंतांना दुसऱ्याचं बरं झालेलं पाहवत नसे, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर पुढं तुम्ही त्यांची कीव करत बसाल आणि गोष्ट भलतीकडंच जाईल.

मी नत्थू शिंपी. अमरावतीत त्यांच्या ओट्यासमोरच माझं दुकान. पंत पुराण सांगत, सकाळी मुलांना अक्षरं शिकवत. विद्वत्तेत त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, हे मी त्यांच्या तोंडावर आणि पाठीमागंही म्हणत आलो. पण शेजारच्या पानावर तूप वाढलं की यांच्या पोटात दुखायचं. त्या वर्षांत तर सगळ्या वऱ्हाडाच्याच पानावर तूप पडत होतं. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडं आमच्या कापसाचं सोनं झालं. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, तो माझ्याकडं जरीकाठी अंगरखा मागू लागला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. माझा धंदा वाढला, मला कशाला वाईट वाटेल? पंत मात्र ओट्यावरून गाड्या पाहत आणि म्हणत, "नत्थुजी, लक्ष्मी आली, सरस्वती गेली."

त्यांची सरस्वती घरातच होती. दमयंतीवर त्यांनी ओव्यांची पोथी रचली होती. केस काळे होते तेव्हा सुरू केली, पांढरे झाले तेव्हा संपली. आश्रय द्यायला कोणी शेठ पुढं आला नाही, म्हणून स्वतःच्या खर्चानं ती अकोल्याच्या शिळाछापखान्यात, दगडावर अक्षरं काढून छापतात तिथं, छापायला टाकली. माणसाला लेकीच्या लग्नाची नसते एवढी त्यांना त्या पोथीची काळजी. वसंतपंचमीला राममंदिरात पोथी लावायची, चौरंगावर पूजा करायची, गावच्या शास्त्रीबुवांनी पहिला अध्याय वाचायचा, मग घरोघर प्रती जायच्या. घरोघर अक्षता गेल्या. कोण कुठं बसेल तेही ठरलं. पोथ्या गुंडाळायची लाल बासनं शिवायचं काम माझ्याकडं आलं. ती पोथी लोकांनी वाचावी, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. पुराणिकाचं बोलणं वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं, असं ते म्हणत.

प्रती आणायला आम्ही दोघं बैलगाडीनं अकोल्याला गेलो. छापखान्याचे मालक महादेवराव सज्जन माणूस. जुन्या वळणाची माणसं तेव्हा छापील पोथीला हात लावायला बिचकत. शाईत जनावराची चरबी असते, असा बोभाटा होता. म्हणून महादेवराव खास तुपाची शाई करत आणि पहिल्याच पानावर तसं छापत. त्यांनी आमचे गठ्ठे दाखवले. पंतांचे डोळे भरून आले. त्यांनी एक प्रत कपाळाला लावली, हुंगलीसुद्धा.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या ढिगाकडं गेली. तो ढीग आमच्या गठ्ठ्यांपेक्षा उंच होता.

"हे कुणाचं?"

"तुमच्याकडचेच आहेत की. चांदूर बाजारचे सूर्यभानजी. कपाशीवर ओव्या केल्यात त्यांनी. पेरणीपासून बाजारापर्यंत. तेही वसंतपंचमीलाच पोथी लावणार म्हणत होते, अमरावतीत, कापसाच्या बाजारात."

पंतांचा चेहरा उतरला. या सूर्यभानाला पाटीवर धूळ पसरून पहिला 'श्री' काढायला यांनीच शिकवलं होतं. कुणब्याचं पोर, बापासोबत बाजाराला यायचं आणि बाप गाडी सोडी तोवर ओट्यावर बसायचं. पंत तेव्हा सगळ्यांना सांगत, पोरगं हुशार आहे. आता त्याच पोराचा ढीग उंच होता.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत पंत गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडून पुन्हा आवळत राहिले. मग एकदम म्हणाले, "कपाशीवर ओव्या! उद्या शेणावर करतील."

मी म्हणालो, "पंत, त्याचा ऐकणारा वेगळा, तुमचा वेगळा. तुमचं काय जातं?"

"तुला नाही कळायचं. तू कापड शिवतोस."

मला राग आला, पण मी गाडीतून उतरलो नाही. बैल त्यांनी भाड्यानं घेतले होते, माझे नव्हते.

अमरावतीत आल्यावर त्यांनी जे केलं ते माझ्या दुकानासमोरच केलं, म्हणून सांगतो. शास्त्रीबुवा आंघोळ करून सोवळ्यात चालले होते. पंतांनी त्यांना ओट्याशी थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते कपाशीचं पुस्तक येतंय म्हणे बाजारात. हाती धरू नका हो. वर तुपाची शाई छापलंय, पण मी अकोल्याला जाऊन आलो. शाईत चरबी आहे."

खोटं. साफ खोटं. मी कात्री हातात धरून तसाच बसलो. त्यांची बायको अनसूयाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. शास्त्रीबुवा गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, दुसऱ्यासाठी खड्डा खणू नये. आपल्याच अंगणात निघतो तो." पंत म्हणाले, "तू पेढ्यांचं बघ."

वसंतपंचमी उजाडली. मंदिराचा सभामंडप भरला. पंतांनी नवी पगडी घातली होती. चौरंगावर माझं लाल बासन, आत पोथी. पूजा झाली. मी शेवटच्या खांबाशी बाकीची बासनं घेऊन बसलो होतो आणि खरं सांगतो, तेव्हा मलाही पंतांचा अभिमान वाटला.

शास्त्रीबुवा पुढं झाले, बासन सोडलं आणि हात न लावता वाकून पहिलं पान पाहिलं. "हे अकोल्याला छापलं?"

"होय."

"त्याच छापखान्यात?"

पंतांच्या ध्यानात आलं ते तेव्हा. एवढा मोठा विद्वान, पण मत्सरानं डोळ्यांवर अशी पट्टी बांधली होती की दोन्ही पोथ्या एकाच दगडावरून उतरल्या हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते घाईघाईनं म्हणाले, "पण बुवा, ही शाई तुपाची आहे. वर छापलंय बघा."

"त्याच्यावरही तसंच छापलंय. ते खोटं आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत, पंत."

आता पंत पेचात पडले. खरं सांगावं तर आपण थापाडे, न सांगावं तर पोथी बाटली. ते चौरंगावरचं बासन सारखं करत बसले. शास्त्रीबुवा हात धुवायला विहिरीकडं गेले. त्यांच्यामागं एकेक करून मंडप उठला. पेढे मात्र बऱ्याच जणांनी नेले, पेढ्यात चरबी नव्हती.

घरी येऊन पंत भिंतीकडं तोंड करून निजले. मला त्यांची कीव आली, आणि मनात म्हटलं, बरी खोड मोडली. दोन्ही एकदमच.

तिकडं कापसाच्या बाजारात सूर्यभानाची पोथी धडाक्यात लागली. चरबीची बातमी तिथंही पोचली होती. गाडीवाले हसले म्हणे. एक जण म्हणाला, "चरबी असन त बरंच हाय, रात्री दिवा लावून वाचू!" शाईनं बाटायला ते लोक सोवळ्यात थोडेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान स्वतः ओट्यावर आला. डोक्याला जरीचा फेटा, चालण्यात थोडा ताठा. नाही म्हणत नाही मी, पैसा चढला होता त्याला. पण त्यानं वाकून पंतांच्या पायांना हात लावला.

"पंतोजी, थे चरबीचं कोन बोललं थे मले मालूम हाय. जाऊ द्या थे. तुमची पोथी द्या मले."

"कशाला? जाळायला?"

"वाचाले. गाड्या मोजाच्या रायल्या हायेत, मानसं बसून हायेत बाजारात. माहं पुस्तक कालच सरलं. आता तुमची पोथी मले म्हनता येते का, थे पाहाचं हाय."

त्यात गुरुभक्ती किती आणि मिरवणं किती, ते देव जाणे. पंत नाही म्हणणार होते. अनसूयाबाईंनी आतून प्रत आणून सूर्यभानाच्या हातात ठेवली आणि नवऱ्याकडं पाहिलंही नाही.

पंत घरी राहिले नाहीत. मला म्हणाले, "चल, तो उच्चारांची कशी माती करतो ते ऐकू." आम्ही बाजारात कापसाच्या बोऱ्यांमागं उभे राहिलो. सूर्यभान गाडीच्या दांडीवर बसला होता, भोवती बायामाणसं. नळ दमयंतीचं अर्धं लुगडं फाडून घेऊन तिला रानात निजलेली सोडून जातो, तो अध्याय चालला होता. त्यानं जात्यावरच्या चालीवर ओवी धरली होती:

हात फिरवी शेजेवरी । लागे पाला हातावरी ।
कोण उठले, गेले दुरी । काही केल्या कळेना ॥

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पंतांनी माझा दंड धरला होता, त्यांची नखं मला रुतत होती. "चाल चुकीची आहे," ते पुटपुटले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "चाल साफ चुकीची आहे." पण त्यांचा आवाज फाटला होता.

सूर्यभानाची मावशी मनकर्णाबाई गळाभर सोनं घालून पुढंच बसली होती. ती नाक पुसत म्हणाली, "सूर्यभान, तुह्या कपाशीपेक्षा हे लय चांगलं लिवलं रे तूनं!"

हे ऐकलं आणि पंत बोऱ्यांमागून बाहेर आले. "त्यानं नाही! मी लिहिलंय! हे माझं आहे!"

सगळे वळून पाहू लागले. सूर्यभान लगेच उठला. "खरं हाय, मावशी. हे पंतोजीचं हाय. पह्यलेच सांगाले पायजे होतं." आणि त्यानं पोथी पंतांच्या हातात दिली. "म्हना पंतोजी."

पंत बसले. खाकरले. त्यांनी वाचायला घेतलं, जन्मभर पुराण सांगितलं तसंच. एक ओवी, मग तिचा अर्थ, मग एक संस्कृत श्लोक, मग त्याचा अर्थ. पगडी सावरून पुन्हा ओवी. गाडीवाले बैलांना चारा टाकायला उठले. बायका आपसांत बोलू लागल्या. पंतांचा आवाज चढत गेला, तसं बोलणंही वाढलं.

शेवटी मनकर्णाबाईनं हात जोडले. "पंतोजी, राग नका धरू. थे बिचारी रानात रडून रायली, अन् तुमी तिले समजावून सांगून रायले. रडू द्या न तिले. सूर्यभानले म्हनू द्या."

मला वाटलं, आता हा माणूस पोथी घेऊन उठेल आणि पुन्हा कोणाला दाखवणार नाही. ते उठायला लागलेही. सगळा बाजार त्यांच्याकडं पाहत होता, आणि त्यांच्या तोंडाकडं नाही, हातातल्या पोथीकडं. पुढं दमयंतीचं काय होतं ते त्या बायकांना ऐकायचं होतं. पंतांनी ते पाहिलं.

त्यांनी पोथी सूर्यभानाच्या मांडीवर ठेवली. बोटानं जागा दाखवली. "इथून," म्हणाले, आणि माझ्याशेजारी कापसाच्या ढिगाला टेकून बसले.

सूर्यभानानं ओवी उचलली. बाजार गप्प झाला. मी चोरून पाहिलं तर पंतांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या आणि दात करकचून आवळलेले होते. उपरण्यानं तोंड पुसत ते माझ्या कानाशी म्हणाले, "पाहिलंस? माझ्याच ओवीवर मला रडवलं मेल्यानं."