निलमच्या विषयापायी

वसरामला पोरीच्या शिक्षणाचा राग नव्हता, राग होता तो तिच्या विषयाचा. दुनियाभराचे विषय सोडून निलमनं बी.ए.ला घेतलं काय, तर गुन्हेगारीशास्त्र! बंजारा तांड्यातून औरंगाबादच्या कॉलेजात गेलेली ही पहिली पोरगी. मास्तरीण होणार असती तर बापानं मिशीला पीळ भरला असता. आता गोरेगावच्या आठवडी बाजारात कोणी पोरीचा विषय विचारला की तो वांगी निवडायला लागायचा.

घरी तरी सुख कुठलं! शेजारच्या केशरबाईची कोंबडी हरवली की बाई दारात हजर. "निलम, सांग बाई, कोणी नेली?"

"काकी, मी पोलीस न्हाई."

"मग दोन वर्सं काय शिकून राहिली?"

वसरामचं डोकं उठायचं.

कहर झाला सोयरिकीत. पोरगी पसंत पडली, पण विषय ऐकला अन् पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. चोरा-दरोडेखोरांचं शिकणारी सून नको म्हणाले. वसरामनं त्याच दिवशी जाहीर केलं, शेवटचं वर्ष गेलं चुलीत. दिवाळीच्या सुटीला आलेली निलम आता परत जाणार नाही. ती रडली, भांडली, जेवली नाही. बाप हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, शेजारच्या गावातल्या माणिकरावांची विहिरीवरची मोटार चोरीला गेली. अशा वेळी काय करायचं, हे तांड्यात लेकरांनाही ठाऊक. पोलिसांनी झडतीला येऊन फेकाफेक करण्याआधी आपणच सामान अंगणात मांडायचं. वसरामच्या बापानं तेच केलं, वसरामही तेच करत आला. त्यानं गोधड्या काढल्या, धान्याची पोती सोडून ठेवली आणि लोखंडी पेटी ओढायला लागला.

निलम पेटीवर जाऊन बसली.

"ऊठ पोरी, जीप येऊन राहिली."

"बापू, मोटार तुमी नेली?"

"डोकं फिरलं का तुझं?"

"मग दाखवता काहून? कॉलेजात आमी हेच शिकतो. चोरी झाली की जीप आधी कोणाच्या दारी जाते, अन् काहून जाते."

वसराम भडकला. जीप कुठं येते हे शिकायला कॉलेज कशाला लागतं? पण काहून, म्हणजे आपल्याच दारी का, हे त्यानं खरंच कधी कोणाला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात जीप आलीच. अंगणातलं सामान पाहून जमादार खूश झाला. "शाब्बास वसराम! अशी समजदार माणसं पाहिजेत. पेटी तेवढी राहिली बघ."

त्या शाबासकीनं वसरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं जमादारालाच विचारलं.

"साहेब, माणिकरावांच्या गावात कोणाच्या पेट्या उघडल्या?"

"आज लई बोलून राहिला तू," जमादार म्हणाला. त्यानं निलमला उठवलं, पेटी उघडली, उलथीपालथी केली. काही निघालं नाही. माणसं पुढच्या घरात शिरली.

लुगडी मातीत पडली होती. वसरामनं रिकामी पेटी उचलून पोरीपुढं आदळली.

"कपडे भर यात. उद्याच्या एसटीनं जायचं," तो ओरडला. "अन् काहून, ते कळल्याबिगर घरी येऊ नको!"