निळी चकती आणि झोळीतलं कोकरू

रविवार, २३ नोव्हेंबर

मार्चपासून इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. सायकलवरून पडून मनगट मोडलं होतं हे खरं. पण प्लास्टर मे महिन्यातच निघालं. पुढचे सहा महिने निव्वळ भीतीचे होते.

शेवटी मिलिंदशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, करार केला : जवळा बाजार ते सिद्धेश्वर धरण आणि परत. मनगट दुखलं तर माझी माउंटन बाइक भाच्याला द्यायची आणि विषय संपवायचा. शनिवारी हिंगोलीहून सायकली टेम्पोत टाकून जवळा बाजारला माझ्या माहेरी गेलो. आज सकाळी सातला आईने बांधून दिलेला भाकरी-ठेचा घेऊन निघालो. जायचं असेल तर हेच दिवस निवडा : हवा गार, तुरीला पिवळा फुलोरा. पाणी मात्र भरपूर घ्या.

डांबरी रस्ता होता तोवर मी गुणगुणत होते. कालव्याकडेची दगडगोट्यांची वाट लागली आणि एकेक दगड थेट मनगटात येऊ लागला. मिलिंदच्या जुन्या काळ्या सायकलला शॉकअप नाही, आणि त्याची तक्रारही नाही.

"तुझी महागाची सायकल माझ्यापेक्षा जास्त उडतेय," तो म्हणाला.

बाभळीखाली थांबले. डोळ्यांपुढे भाच्याचा आनंदी चेहरा येऊ लागला. तेवढ्यात मेंढ्या घेऊन एक मावशी आल्या. खांद्यावरच्या झोळीत दोन दिवसांचं कोकरू.

"ताई, मनगट काहून चोळून राहिल्या?"

"मोडलं होतं. आता दगडांचे हिसके बसतात."

त्यांनी हँडलवर दोन्ही हातांनी भार दिला. पुढचं चाक धरणारा, शॉकअपचा फोर्क जराही दबला नाही. "हे तं पार ताठ हाय! झोळी अशी तानून बांधली तं पिल्लू दिसभर वरडंल."

"मग ढिली बांधायची?" मिलिंदने विचारलं.

"पार ढिली बी न्हाई, दादा. मंग ते माझ्या गुडघ्यावर आपटतं. बांधायची, चार पावलं चालायची. पिल्लू निजलं की बराबर."

मला लाज वाटली. प्रवासाला निघताना मी सगळं घट्ट करते : गॅस, नळ, डब्यांची झाकणं. फोर्कच्या उजव्या पायाच्या माथ्यावरची निळी चकतीही काल शेवटपर्यंत आवळली होती. फोर्क दबताना त्याला किती अडवायचं, हे ती ठरवते. उजवीकडे फिरवली की दबणं जड, डावीकडे फिरवली की सोपं. आणि मी बारावीला भौतिकशास्त्रात अवमंदित दोलनं, म्हणजे हळूहळू शमणारे झोके, शिकवते!

चकती पूर्ण डावीकडे फिरवली. मनगट सुखावलं, पण पुढच्या उतारावर ब्रेक दाबताच सायकलचं नाक खाली गेलं आणि माझा जीव वर आला. मग चकती एकेक टिक, म्हणजे एकेक खाच, उजवीकडे, प्रत्येक वेळी तोच तुकडा पुन्हा चालवून. चौथ्या टिकेला नाकही बुडेना, हातही दुखेना.

धरणावर तळलेली मासळी, चहा, अथांग पाणी. तिथेही मन शंका काढत होतं : आराम चकतीने पडला की मी हळू चालवल्याने? परतताना पडताळा म्हणून चकती पुन्हा आवळली.

"अगं, मुद्दाम दुखवून घेतेस?"

शंभर मीटरांत कळ आली. पुन्हा पूर्ण डावीकडे आणि तिथून चार टिका. कळ गेली.

बाभळीपाशी मावशी भेटल्या. "निजलं का पिल्लू?"

"गाढ!" मी न थांबताच ओरडले.

आता हिंगोलीत, घरी. मनगट किंचित जड आहे, ते लपवत नाही. पण दुखत नाही. मिलिंदने विचारलं, "भाच्याला काय सांगू?" म्हटलं, "सांग, तुझी मावशी अजून म्हातारी झाली नाही."

उद्याचं काम : चकतीवर चौथ्या टिकेपाशी नेलपॉलिशचा ठिपका लावणे.