उकिरड्यावरचं नाव

वडील जन्मले त्याआधी आजीची तीन लेकरं दगावली होती. म्हणून वडिलांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं आणि पसाभर कोंड्याच्या बदल्यात आजीला परत दिलं. नावही उकिरड्याचंच ठेवलं. असलं लेकरू यम नेत नाही म्हणतात. नेलं नाही खरं. पण माझ्या भावाला पुढं त्या नावाची लाज वाटू लागली. वडील गेल्यावर त्यानं आपल्या सगळ्या कागदांवर बापाच्या जागी एका देवाचं नाव लावून घेतलं. त्याच फेऱ्यात शेताला वारस म्हणून एकटा स्वतः लागला. बहीण नाही, असं लिहून दिलं. मी तेव्हा त्याच्याच अंगणात गोवऱ्या थापत होते. नवऱ्यानं टाकलेली बाई, मला कोण विचारतो.

भाऊ आता नाही. त्याच्या मुलाच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत मी राहते. भाच्याचं वारंगा फाट्यावर खताचं दुकान आहे. त्याच्या मुलीला नांदेडच्या कॉलेजात जागा मिळत होती, पण कुणबी असल्याचा दाखला पाहिजे, आणि दाखल्याला पणजोबाची जुनी नोंद. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरांचे फोटो जिल्ह्याच्या वेबसाईटवर चढवलेत. भाचा दुकान सोडून मोबाईलवर पानं सरकवत बसायचा. देवाचं नाव सापडेना.

मी बरेच दिवस मजा बघितली. पोरगी रडायला लागली तेव्हा म्हणाले, "दुसऱ्या नावानं बघ," आणि नाव सांगितलं. भाच्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

"आत्या, तू येडी झाली का?" भाचा म्हणाला. "माझ्या आजोबाचं असलं नाव?"

"तुझा आजा उकिरड्यावरच निजला होता लेका. बघ तर."

सापडलं. त्यानं बोटांनी पान मोठं केलं. मी चौथी शिकलेली, अक्षर लागलं. वडिलांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव, आणि जातीच्या रकान्यात कुणबी. घरात शिरा झाला. मलाही वाटीभर मिळाला.

मग कळमनुरीला, कचेरीत. तिथला बाबू म्हणाला, "नोंद चांगली हाय. पण हा तुमचाच आजोबा कशावरून? तुमच्या कागदावर तर दुसरंच नाव हाय."

भाच्यानं मला पुढं केलं. "ह्या माझ्या आत्या. त्यांच्या सख्ख्या बापाची नोंद हाय ही. त्या शपथेवर सांगतील." घरात मी तू, कचेरीत त्या.

बाबूनं कॉम्प्युटरवर आमच्या शेताचा जुना फेरफार काढला. "इथं एकच मुलगा हाय. मुलगी न्हाई."

"आत्या, तुमी काहून बोलत न्हाई?"

"काय बोलू? तुझ्या बापानंच लिहून दिलंय. मी न्हाईच."

हे होणार ते मला घरून निघतानाच ठाऊक होतं. चार लोकांत निघावं म्हणूनच मी गाडीवर बसले होते.

बाबू म्हणाला, "वारसात ह्यांचं नाव लावून घ्या. मग ह्यांचं शपथपत्र चालंल."

"अन् नाव लावलं म्हंजे?" भाच्यानं विचारलं.

"हिस्साबी लागतो."

भाच्यानं कागद पिशवीत भरले.

घरी आल्यावर पोरगी बापाला म्हणाली, "लावा ना पप्पा आजीचं नाव. ती किती दिवस जगणार हाय?"

"नाव एकदा चढलं की उतरत न्हाई. अन् म्हातारी चिवट हाय."

मी दारातच भाकरी खात होते. दोघांनीही आवाज खाली केला नाही.

दाखला द्यायची मुदत निघून गेली. पोरगी आता सकाळच्या एसटीनं हिंगोलीला साध्या कॉलेजात जाते. बापाशी बोलत नाही, माझ्याशीही नाही. म्हातारी चिवट, लवकर मरायची नाही, म्हणून बापाचा जीव शेतात अडकला, असं तिला वाटतं. वाटू दे. वाचवलेलं शेत तिच्या धाकट्या भावाला जाणार आहे, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.