पाचवं कपाट

लिफ्टकाका दुकानात आले की आधी माझ्याशी बोलायचे नाहीत, कपाटाशी बोलायचे. दारात उभं असलेल्या कुठल्याही कपाटाच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान द्यायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "वहिनी, पत्रा पातळ झाला." झाला होता हे खरंच. पण गिऱ्हाइकांसमोर असं कोण बोलतं? पहिल्यांदा मी त्यांना चांगलंच झापलं. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबून टकटक केली.

आमचा धंदा लोखंडी कपाटांचा. पुढे दुकान, मागे पत्रा कापायची आणि वेल्डिंगची शेड. आमचे हे होते तोवर त्यांनी सांभाळलं, ते गेल्यावर मी आणि म्हातारा मिस्त्री मिळून रेटतोय. लिफ्टकाका आमच्या ह्यांच्या वेळचं गिऱ्हाईक. एका मोठ्या सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. स्टुलावर बसून सगळ्यांना वर पोचवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः तळमजल्यावरच्या एका खोलीत येऊन पडले. हा विनोद माझा नाही, त्यांचाच. दर खेपेला करायचे आणि एकटेच हसायचे.

लग्न केलं नाही. दोन भाऊ, त्यांची मिळून पाच मुलं. त्यातल्या ज्याने स्वतःचं बिऱ्हाड मांडलं त्याला काकांकडून एक कपाट मिळायचं. हिरवा रंग, जाड पत्रा, दारावर उभा आरसा, आत कुलपाचा चोरकप्पा. पहिलं कपाट पगारातून झालं, दुसरं-तिसरंही झालं. चौथ्याच्या वेळी पेन्शन सुरू झाली होती आणि तेव्हापासून काका पोटाला चिमटा काढायला लागले. पत्र्याचा भाव दर वर्षी वर जायचा, पेन्शनला मात्र लिफ्ट नव्हती.

आता धाकटी पुतणी राहिली होती. तिने नोंदणी करून लग्न केलं, भाड्याने घर घेतलं, आणि काकांच्या जिवाला घोर लागला.

मी त्यांना म्हटलं, "भावजी, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. हिला एखादं भिंतीवरचं घड्याळ द्या. वेळ तर सगळ्यांनाच लागते."

ते स्टुलावर बसले. माझ्या दुकानातही त्यांना स्टूलच लागायचं, खुर्चीत अवघडायचे.

"आमच्या वडिलांनी थोरल्या बहिणीला सासरी जाताना शिवणयंत्र दिलं," ते म्हणाले. "धाकटीच्या वेळी हात रिकामा होता. नाही दिलं. दोघी बहिणींनी पुढे एकमेकींचा उंबरा ओलांडला नाही. धाकटी गेली तेव्हा थोरली आली. येताना यंत्र घेऊन आली टेम्पोत घालून. काय करायचं होतं वहिनी, तेव्हा त्या यंत्राचं?"

मी मिस्त्रीला हाक मारून चहा सांगितला.

पैसे ते माझ्याकडे ठेवायचे. घरात ठेवले की कुणाचं ना कुणाचं काहीतरी निघतं, असं त्यांचं म्हणणं. पेन्शन हातात आली की बँकेतून थेट इकडे यायचे आणि खिशातून घडी काढून टेबलावर ठेवायचे. तरी निघायचंच. भावाचा डोळा दाखवायचा होता, तेव्हा काढून नेले. थोरल्या पुतण्याला मूल झालं, तेव्हा बाळाच्या पाळण्यासाठी नेले. स्वतःसाठी मात्र कधी मागितले नाहीत. चपलेला खालून सायकलच्या टायरचा तुकडा लावलेला असायचा. बस परवडत नाही असं न म्हणता, "चाललं की पाय मोकळे होतात" असं म्हणायचे. भाऊबंद त्यांना कवडीचुंबक म्हणायचे. कुणाकडे जाताना हातात फळ नाही, अंगावर धड सदरा नाही, आणि पेन्शन तर आहे. मग पैसा जातो कुठे, असा सगळ्यांना प्रश्न. तो माझ्या टेबलाच्या खणात जात होता हे त्यांना कोण सांगणार.

एकदा ते दुकानातच गोळी खायला बसले. खिशातून दाढीचं पातं काढलं, गोळी टेबलावर ठेवली आणि बरोबर मधोमध कापली. गोळी हृदयाची होती, मला ठाऊक होतं, आमचे हे तीच घ्यायचे.

"डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय?"

"अर्धीनेही भागतं."

"आणि उरलेली?"

"उद्याला आहे ना."

मी त्या दिवशी त्यांना इतकी बोलले की मिस्त्री शेडमधून बाहेर आला. खण उघडून पैसे समोर ठेवले, घेऊन जा म्हटलं, मला तुमच्या मरणात भागीदारी नको. त्यांनी ते हलकेच परत खणात सरकवले आणि खण स्वतः बंद केला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ती धाकटी पुतणीच माझ्याकडे आली. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. बारीक चणीची, बोलायला हळू. कपाटांच्या रांगेत उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, माझं कपाट करू नका."

"ते तुझ्या काकांना सांग."

"कसं सांगू? माझ्या घरात भिंतीतली कपाटं आहेत. ते ठेवलं तर पलंग टाकायला जागा नाही." मग म्हणाली, "आधीच्या चार कपाटांचं काय झालं, काकांनी सांगितलंय तुम्हाला?"

ते काय सांगणार, त्यांनाच माहीत नव्हतं. तिनेच सांगितलं. थोरल्याने कपाट गच्चीवर ठेवलं होतं, त्यात रंगाचे डबे. दुसऱ्याने भंगारवाल्याला घातलं. तिसरीच्या सासरी त्याची दारं काढून कोंबड्या ठेवल्या होत्या. चौथ्याने घर बदलताना जुन्या घरातच सोडून दिलं. आमच्या ह्यांनी स्वतः उभं राहून केलेली कपाटं. मला काकांसाठी वाईट वाटलं, पण खरं सांगते, आधी माझ्या पत्र्यासाठी वाटलं.

"तसा पत्रा आता मिळत नाही, असं सांगा त्यांना," ती म्हणाली. "पैसे परत द्या. निदान पुरती गोळी तरी घेतील."

मला पटलं. पुढच्या खेपेला काका आले, तेव्हा मी तेच सांगितलं. जाड पत्रा बंद झाला, मिस्त्रीने सगळीकडे विचारलं, आता पैसे घेऊन जा. मिस्त्री मागे मान हलवत उभा होता. माणूस लबाडीतही बरी साथ देतो.

काकांनी कपाटावर टकटकही केली नाही. म्हणाले, "म्हणजे चौघांना दिलं आणि तिला नाही दिलं." मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले. म्हातारा माणूस भर दुपारी, दुकानाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मी घट्ट मनाची बाई आहे असा माझा समज होता. मी म्हटलं, "रडू नका भावजी, शोधते पत्रा."

संध्याकाळी पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "करा मग. कुठेतरी ठेवू. फक्त आमचा जिना..." मी म्हटलं, जिन्याचं मिस्त्री बघेल. मला तेव्हा ते प्रकरण एकदाचं संपवायचं होतं.

पत्रा जाडच घातला. तोटा झाला, होऊ दे म्हटलं. काका रोज येऊन शेडच्या दारात उभे राहायचे. रंगाचा हात फिरल्यावर त्यांनी तो वाळेपर्यंत दम धरला, मग टकटक केली आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली.

पोचवायच्या दिवशी ते टेम्पोत मिस्त्रीशेजारी बसले. मीही गेले. पुतणीच्या घरी ते त्याआधी एकदाही गेलेले नव्हते. रिकाम्या हाताने कसा जाऊ, म्हणायचे. "घर वरच्या मजल्यावर आहे, पण इमारतीला लिफ्ट आहे," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. "लिफ्ट असली की मला काळजी नाही. ते काम माझं." त्यांच्या कचेरीच्या लिफ्टमध्ये फायलींची कपाटं उभीच्या उभी वर जायची. त्यांच्या लेखी लिफ्ट म्हणजे तेवढी.

ही लिफ्ट म्हणजे दोन माणसांनी अंग चोरून उभं राहायची पेटी होती. काकांनी दार उघडलं, आत पाहिलं, हाताच्या वितींनी रुंदी मोजली, परत मोजली. जन्मभर ज्या दारात बसले, त्या दाराने त्यांना दगा दिला. हमालांनी जिन्याने नेऊन पाहिलं. पहिल्याच वळणावर कपाट कठड्याला अडकलं, ना वर जाईना ना खाली. आडवं केलं, तिरकं केलं, हिरवा रंग खरवडला. शेजारी दारं उघडून बघायला लागले. काका खालच्या पायरीवरून, "सावकाश, आरसा आहे" एवढंच म्हणत होते.

शेवटी ते परत खाली आलं. पुतणी उतरून आली होती. तिने काकांचा हात धरला आणि म्हणाली, "काका, हे माझंच आहे. पण मोठं घर घेईपर्यंत तुमच्याकडे राहू दे. किल्ली मात्र मला द्या."

पोरगी गुणाची. काकांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. चेहरा असा की तिने त्यांना सरकारी पदक दिलं असावं.

कपाट त्यांच्या खोलीत गेलं. खिडकी अर्धी झाकली, टेबल बाहेर काढावं लागलं. मी नंतर एकदा डबा घेऊन गेले, तेव्हा दिवसाही दिवा लावून बसले होते. दारावरचा आरसा लख्ख पुसलेला. त्यांचे दोन सदरे शेजारच्या भिंतीवर, खिळ्याला.

"आत ठेवा की कपडे," मी म्हटलं. "तिच्याकडून किल्ली मागून घ्या. एवढं मोठं धूड रिकामंच उभं आहे."

"तिचं आहे ते, वहिनी," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कपाटात कपडे कसे ठेवायचे?"

मी रागाने निघून आले. राग कुणाचा ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या महिन्यात पेन्शनच्या दिवशी ते दुकानात हजर. आता कशाला, मी विचारलं, पाची झाली ना? त्यांनी खिशातून घडी काढली आणि टेबलावर ठेवली. बोटांना पातं लागल्याचे बारीक चरे होते, ताजे.

"ती मोठं घर घेईल तेव्हा टेम्पो लागेल," ते म्हणाले. "हमाल लागतील. तो खर्च तिच्यावर कशाला?"

मी खण उघडला. नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते, आणि तो कोण असता कुणास ठाऊक. पैसे आत ठेवले, मिस्त्रीला चहा सांगितला, आणि ते उठून दारातल्या कपाटावर टकटक करायला गेले.